तारखेची कड

मुलीनं गोळ्यांची स्ट्रिप उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि धारूबाईच्या छातीत सकाळपासून जो ढोल वाजत होता त्याचा एक ठोका चुकला. एकच. पुढच्या ठोक्याला तो पुन्हा सुरू झाला, उलट जरा जोरातच, कारण तिला वाटलं, पोरगी कड बघतेय. म्हणजे जाणकार दिसते. दवाखान्याच्या त्या लांबट खोलीत फिनेलचा आणि ओल्या कापसाचा वास होता, भिंतीकडेच्या बाकावर सात-आठ माणसं आपापलं दुखणं मांडीवर घेऊन बसली होती, आणि खिडकीखालच्या टेबलावर तिच्या चार पेट्या ओळीनं उभ्या होत्या. निळ्या कापडात बांधलेल्या, कोपरे दाबून बसवलेल्या, झाकणांवर तिच्याच वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या: ताप, सर्दी-खोकला, पोट, अंगदुखी. आत स्ट्रिपा अशा बसल्या होत्या की जणू पुस्तकाची पानं. बोट फिरवलं तर फर्रर्र वाजावं. पंधरा दिवसांची पायपीट, एकवीस घरांचे झिजवलेले उंबरे, कालची अख्खी दुपार, सगळं त्या चार पेट्यांत होतं, आणि टेबलामागची ही चष्मेवाली मुलगी, दवाखान्यातली औषधं सांभाळणारी, आता मान वर करून काहीतरी बोलणार होती. काय बोलेल ते धारूबाईनं रस्त्यानं येताना तीन-चार तऱ्हांनी ऐकूनही ठेवलं होतं.

"मावशी," मुलगी म्हणाली, "हिच्यावरची तारीख कुठंय?"

तारीख ना, तारीख तर बघितली होती. एकेक बघितली होती, भिंग लावून, उजेडाकडे तिरकी धरून, कारण त्या मेल्या तारखा शाईनं छापत नाहीत, नुसत्या दाबून उठवतात, आणि चंदेरी पत्र्यावर चंदेरी अक्षर शोधायचं म्हणजे दुधात मीठ शोधायचं. मुदत सरलेल्या अडतीस निघाल्या, त्या तिनं तिथल्या तिथं वेगळ्या काढल्या होत्या. कागदावर लिहिलंच होतं तसं. दवाखान्याच्या फाटकावर तो कागद तिला दिसला तेव्हा ती कुठंही चालली नव्हती. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून चार महिने ती रोज सकाळी सातला घराबाहेर पडायची, कारण एकतीस वर्षं सातलाच पडत आली होती, आणि कोपऱ्यावर गेल्यावर तिला आठवायचं की आपल्याला कुठं पोचायचं नाही. मग पायांना वाईट वाटू नये म्हणून ती आणखी दोन गल्ल्या चालायची. अशाच एका गल्लीत तो कागद. 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं हवी आहेत. ताप, सर्दी, खोकला, जुलाब, अंगदुखी. न उघडलेली. मुदत शिल्लक असलेली.' चिकटवणाऱ्यानं खळ इतकी थापली होती की कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं आधी तळहातानं त्या सुरकुत्या मधून कडेकडे सारल्या, कागद सपाट केला, आणि मग वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत आली तेव्हा तळहात अजून कागदावरच होता आणि भिंतीतून कुणी हातात हात द्यावा तसं काहीतरी तिला कोपरापर्यंत चढत गेलं. न उघडलेली. मुदत शिल्लक असलेली. ते औषधांबद्दलच होतं, हे तिला कळत होतं. तरी घरी जाताना तिनं तीन गल्ल्यांचं अंतर अर्ध्या वेळात कापलं, आणि आल्या आल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, "मला काम मिळालं."

"पगार?" धाकटी आरशात बघत केसांना क्लिप लावत होती. तिला बँकेत पोचायचं होतं.

"नाही."

"मग तुला नाही मिळालं, कामाला तू मिळालीस."

धाकटीची जीभ ही अशी. पण संध्याकाळी येताना तिनंच बँकेतल्या बायकांकडून खोकल्याच्या औषधाच्या चार बाटल्या आणल्या, आणि पिशवी ताईच्या पुढ्यात ठेवून हातपाय धुवायला गेली.

त्या पंधरा दिवसांत काय नव्हतं. एकोणीस वर्षं ती आपल्या इमारतीत राहत होती आणि शेजाऱ्यांना ओळखत होती ती खोकल्यावरून. सकाळी निघताना दुसऱ्या मजल्यावर कोरडा खोकला, रात्री परतताना पहिल्यावर घरघरता. चेहरा कुणाचाच नाही. आता ती दार वाजवायची आणि आवाजाला चेहरा फुटायचा. जुळ्यांची आई निघाली चक्क हसरी, एक पोर कडेवर, एक पायाला, आणि तोंडानं, "घेऊन जा हो मावशी, ह्या दोघांना पण न्या, न उघडलेलीच आहेत." विमा एजंट आधी दार फटीइतकंच उघडून म्हणाला, "आम्हाला काही घ्यायचं नाही," आणि ती म्हणाली, "मलाही विकायचं नाही, द्या तुम्हीच," तेव्हा तो गोंधळून आत गेला आणि बामाच्या सहा बाटल्या घेऊन आला, त्याच्या आईचं डोकं म्हणे महिन्याला एक बाटली खायचं. घरोघरी एक खण असतो, हे तिला तेव्हा कळलं. सुऱ्या-चमच्यांच्या खालचा, नाहीतर आरशामागचा, नाहीतर जुन्या बिस्किटांच्या डब्यातला. त्या खणात माणसं आपली भीती ठेवतात. रात्री-बेरात्री पोराला ताप चढला तर, पाहुण्याचं पोट बिघडलं तर, एकटं असताना पाठ धरली तर. भीती खरी होत नाही, स्ट्रिपा तशाच राहतात, आणि दार उघडून एखाद्या अनोळखी बाईला ते सगळं ओंजळीनं देताना माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते धारूबाईनं एकतीस वर्षांत कुठल्याही यंत्रासमोर पाहिलं नव्हतं. ती जिना चढायची ती दोन-दोन पायऱ्या. साठीची बाई. पोरीसारखी कठड्याला धरून वळायची.

तिसऱ्या मजल्यावर भूगोलाचे मास्तर. त्यांच्या घरातून कधी खोकला आला नव्हता, कसलाच आवाज आला नव्हता. त्यांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि एक कागदी पिशवी टेबलावर उपडी केली. पाठदुखीच्या गोळ्या, एकसारख्या बारा स्ट्रिपा. "बायकोला लागतील म्हणून एकदम आणल्या होत्या," ते म्हणाले. "लागल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, आणि मग..." त्यांनी मग काय ते सांगितलं नाही, खोलीत सांगण्यासारखं सगळं समोरच होतं. एकच खुर्ची टेबलाला लावलेली, दुसरी भिंतीला. त्यांनी तिच्याकडून प्रत्येक स्ट्रिपची तारीख मोठ्यानं वाचून घेतली, पोरानं पाढे म्हणावेत तशी, आणि बाराही झाल्यावर म्हणाले, "आठ महिने पिशवी जागची हलवली नव्हती. कुणाची तरी पाठ दुखायची थांबू दे, बाई. वाया जाऊ देऊ नका एवढंच." ती म्हणाली, "माझ्यावर सोडा." हे ती दर घरी म्हणायची, पण तिथं म्हणताना तिचा आवाज जरा वेगळा लागला, देवाशपथ म्हणावं तसा.

आणि मग कालची दुपार. घरात ती एकटी. छापखान्यानं निरोप देताना दिलेला कटर तिनं पलंगाखालून ओढून काढला. लाकडी पाट, त्याला दांडीचं पातं. तिनं त्याला धार लावली. ही धार तिचीच. छापखान्यात तिला धारूबाई म्हणत ते त्यावरूनच, खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. पेट्या सकाळीच तयार झाल्या होत्या, पुठ्ठा मापात कापून, कापड ताणून, खळ बोटानं नाही तर कुंच्यानं, पातळ. तिनं स्ट्रिपा आत उभ्या लावल्या आणि बघते तर काय, एक उंच, एक बुटकी, कुणाची कड बाहेर, कुणाची आत. वेड्यावाकड्या दातांसारख्या. धाकटीनं आदल्या दिवशी चिडवलंही होतं, "ताई, दवाखान्यानं औषधं मागितली आहेत, नवरी नाही, किती नटवशील?" पण हे नटवणं नव्हतं. एकतीस वर्षं तिच्या पुढ्यात छापील कागदांचे गठ्ठे आले, घड्या पडून, शिवून, आणि प्रत्येक कागदाच्या कडेला बारीक रेघा, खुणा, आकडे असायचे. त्या खुणा जुळल्या का ते बघायचं, डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि जुळल्या की पातं खाली. खूण तपासली की खुणेचं काम संपलं. खूण ठेवून पुस्तक बाहेर गेलं तर ते बांधणारीचं नाक कापणं. तिनं स्ट्रिपांच्या तारखा तपासल्या होत्या. दोनदा. मग हातांनी हातांचं काम केलं. दहा-दहाची चळत, पाटावर ठोकून सरळ, दांडी खाली, कच्. चंदेरी कातरणाची एक रेघ घरंगळून पडायची. खिडकीतून ऊन येत होतं, ते त्या कातरणावर पडून छताला थरथरत होतं, आणि तिच्या तोंडी आपोआप ते आलं जे शिलाईच्या बायका एकीकडून दुसरीकडे गुणगुणत न्यायच्या:

घडीवर घडी बाई, दोऱ्यानं धरली,
कडा कापता कापता उमर सरली.

पण गाण्यातली उमर सरली तर सरो, तिची त्या दुपारी नुकती सुरू झाली होती. कच्. हात काही विसरले नव्हते. कच्. चार महिने मांडीवर पडून राहिलेले ते दोन हात, ज्यांना घेऊन कुठं बसावं हे तिला कळत नव्हतं, ते आता तिच्या पुढं धावत होते आणि ती त्यांच्या मागून हसत जात होती. संध्याकाळी स्ट्रिपांच्या कडांवरून तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. पाण्यासारखं.

"बघितल्या होत्या मी तारखा," आता ती मुलीला म्हणाली. "सगळ्या. भिंगानं. एकही जुनी नाही."

"हो, पण आत्ता कुठंय?"

"कापली."

"कापली म्हणजे?"

"कड कापली. पेटीत नीट बसेनात."

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं खोकायचं थांबवून मान वळवली. मुलीनं दुसरी स्ट्रिप काढली, तिसरी काढली, मग दुसऱ्या पेटीत हात घातला, मग तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी तिचा अंगठा त्या गुळगुळीत कडेवर येऊन थांबला. "सगळ्या?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"दोनशे चौदा," धारूबाई म्हणाली.

"मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण उद्या ज्याच्या हातावर मी ही ठेवीन त्यानं विचारलं तर काय सांगू? एका मावशींनी बघितली होती म्हणून? आणि कड कापली की कुठून हवा शिरते, कुठून ओल शिरते, गोळीचा काही भरवसा राहत नाही."

"कातरण असतं तर? जोडून?"

"आहे?"

"सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेलं."

"असतं तरी मी घेतलं नसतं," मुलगी म्हणाली, आणि मग तिला फारच वाईट वाटलं असावं, कारण तिनं निळं झाकण हातात घेतलं आणि म्हणाली, "पेट्या मात्र काय सुरेख झाल्यात हो. ह्या ठेवू आम्ही?" आलेलं जेवण परत पाठवायचं आणि ताटाचं कौतुक करायचं, तसं झालं ते. धारूबाईनं मान हलवली. ठेवा म्हणून की नको म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. बाटल्या, बाम, मलमं, बँडेजं आणि जुलाबावरच्या पावडरीची पाकिटं एवढं मात्र घेतलं गेलं, त्रेचाळीस नग. पाकिटांवरही काल पातं चालणार होतं, पण पावडर सांडेल म्हणून हात मागं आला होता. मुलीच्या मागचं कपाट उघडं होतं. त्यात दोन फळ्या रिकाम्या, पुसून ठेवलेल्या. "आज एकपर्यंत मी घेतेय," ती म्हणाली. "गोळ्याच जास्त लागतात, खरं सांगते. पुढचा दिवस कधी ठरेल माहीत नाही." मग दोनशे चौदा स्ट्रिपा नष्ट करायच्या पिशवीत जाऊ लागल्या, आणि तेव्हा धारूबाई एकदम म्हणाली, "त्यातली एक द्या मला. अंगदुखीच्या पेटीतली. दाखवायला हवी."

रस्त्यावर ऊन चढलं होतं. स्ट्रिप तिच्या मुठीत होती, आणि नवल म्हणजे छातीतला ढोल थांबला नव्हता. तो थांबायला हवा होता. आपण रडायला हवं असं वाटून ती एका बंद दुकानाच्या सावलीत उभीसुद्धा राहिली, पण रडू येईना. पाय चुळबुळत होते. एकवीस घरं, तिच्या मनात आलं, एकवीस दारं, आणि प्रत्येक दारात आपण म्हणालो, माझ्यावर सोडा. जुळ्यांच्या आईला सांगता येईल, ती हसेल. एजंटचे बाम सुखरूप पोचले. पण मास्तरांची पिशवी. आठ महिने जागची न हललेली. 'वाया जाऊ देऊ नका एवढंच.' त्यांनी जगाकडे एवढंच मागितलं होतं आणि ते तिनं धार लावून कापलं होतं. समोरच मेडिकल उघडं होतं, हिरव्या पाटीचं. आत जावं, तसल्याच बारा स्ट्रिपा घ्याव्यात, उलट पावली दवाखान्यात द्याव्यात. पाठ कुणाचीही असो, दुखायची थांबलीच असती. मास्तरांना काय कळणार होतं? कुणालाच काही कळणार नव्हतं. ती पायरीपर्यंत गेली. दुकानातला थंड, गोडसर वास अंगावर आला, आणि त्या वासाबरोबर, कुठून कोण जाणे, छापखान्यातले फोरमन डोळ्यांसमोर आले. कितीतरी वर्षांपूर्वी तिनं एकदा शाळेच्या पुस्तकाच्या हजार प्रती खालून बोटभर जास्त कापल्या होत्या. पानांचे आकडेच गेले. फोरमन नुसते जवळ आले, एक प्रत चाळली, आणि म्हणाले, "मालकांना तूच सांग, आणि जेवायच्या आधी सांग. जेवल्यावर धीर पचून जातो." ती गेली होती. मालक काय काय बोलले ते आज एक अक्षर आठवत नव्हतं. आठवत होता तो परतीचा जिना. अंगावरून ओझं उतरल्यावर पाय कसे हवेत पडत होते ते. नवा जीव घातल्यासारखं झालं होतं तेव्हा. आणि आता, मेडिकलच्या पायरीवर, तिच्या लक्षात आलं की चार महिन्यांत आपल्या हातून एकही चूक झाली नव्हती. होणार कशी? चुकायला आधी काम लागतं. तिला मुठीतली ती गुळगुळीत कड टोचत होती, चांगलीच टोचत होती, आणि ती मागं फिरली आणि चालू लागली, मग जवळजवळ धावू लागली, जेवणाची वेळ व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा तिला धड श्वासही घेता येत नव्हता. त्यांनी पाणी आणायला वळावं त्याआधीच ती उंबऱ्यावरून बोलली. "मास्तर, तुमच्या गोळ्या वाया गेल्या. त्यांनी घेतल्या नाहीत, आणि चूक त्यांची नाही. माझी आहे. पेटीत सारख्या बसाव्यात म्हणून मी कडा कापल्या, आणि तारखा कडेलाच होत्या. सगळ्यांच्याच कापल्या. तुमच्या बाराच्या बारा." आणि तिनं मूठ उघडली.

मास्तरांनी स्ट्रिप घेतली. चष्मा कपाळावर सारून ती डोळ्यांजवळ नेली. जिन्यात कुठंतरी नळ वाहत होता. धारूबाईला वाटलं, आता हे दार लावून घेतील, आणि लावावंच त्यांनी.

"तारखा वाचल्या होत्या ना आपण?" ते म्हणाले.

"वाचल्या होत्या."

"आणि मग कापल्या."

"हो."

"नेमक्या त्याच बाजूनं."

"हो, मास्तर."

ते आत गेले. खण ओढल्याचा आवाज झाला, खूप वेळ खुडबुड झाली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरी एक स्ट्रिप होती, अर्धीमुर्धी, कात्रीनं जिन्यासारखी कापत नेलेली, शेवटच्या चार गोळ्या उरलेली. त्यांनी दोन्ही स्ट्रिपा तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. "चाळीस वर्षं सांगत होतो तिला," ते म्हणाले. "अगं, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात कर, तारीख शेवटी जाऊ दे. ऐकलं नाही. पहिली गोळी तारखेकडची. रोज भांडण. म्हणायची, तुम्हाला नकाशे समजतात, गोळ्या समजत नाहीत." त्यांचे खांदे हलू लागले, आणि क्षणभर तिला कळेना की हे हसताहेत की काय, मग कळलं की दोन्ही. "ही तुमच्या पिशवीत टाकली नव्हती मी. उघडलेली आहे म्हणून नाही. हिची मुदत कधी संपते तेच मला माहीत नाही. आठ महिने रोज बघतो. टाकवत नाही."

धारूबाईनं त्यांच्या तळहाताकडे बघितलं. एक कड पाण्यासारखी सरळ, एक दातेरी, आणि दोन्हींची तारीख गेलेली. मास्तरांनी जिन्यासारखी स्ट्रिप हळूच खिशात ठेवली आणि विचारलं, "किती वाजेपर्यंत घेतात ते?"

"एक."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. पावणेबारा. "वाटेवरचं मेडिकल उघडंय?"

"उघडंय. आत्ताच बघून आले."

"आणि बाकीच्या वीस घरांना सांगितलंत?"

"तुम्ही पहिले."

"मग सांगत सांगतच उतरू. ज्यांच्याकडे अजून असेल ते देतील, नसेल ते शिव्या देतील." ते घाईनं शर्टाची बटणं लावत होते, एक काज चुकून वरखाली. कुलूप शोधत त्यांनी खुंटीवरची मोठी कापडी पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली. "तारखा या वेळी मी वाचणार. तुम्ही फक्त पिशवी धरायची, बाई. दोन्ही हातांनी. दवाखान्यात पोचेपर्यंत एकही हात सोडायचा नाही."

तिनं पिशवीचे दोन्ही बंद दोन्ही मुठींत घट्ट गुंडाळून घेतले, आणि मास्तरांचं कुलूप लागायच्या आत समोरच्या दाराची घंटा कोपरानं दाबली.